खोली नंबर 14 ला कुलूप आहे, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, खोली नंबर 14 आहे. गेल्या महिन्यापर्यंत दर गुरुवारी सकाळी साडेदहाला माझी धाकटी मुलगी त्या खोलीत जायची आणि तासाभराने बाहेर यायची. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचो. आता त्या दारावर कागद चिकटवलाय: 'मानसशास्त्रज्ञ उपलब्ध नाहीत. पुढील आदेशापर्यंत समुपदेशन बंद.' खाली ना सही, ना तारीख. चौकशी केली तर कळलं, मॅडमची 11 महिन्यांची कंत्राटी नेमणूक संपली आणि या वेळी वाढवून आली नाही. पद रिक्त. कधी भरणार म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "वरून ऑर्डर आली की."

वर म्हणजे कुठे, ते विचारत विचारत मी तुमच्यापर्यंत पोचलोय. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, आणि मुलीला याच गावात राहायचंय. हे पत्र तिने वाचलंय. दोन परिच्छेद तिने खोडले, ते मी काढून टाकले. बाकी सगळं तिच्या परवानगीने.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. माणसं ओळखता येतात, असा माझा समज होता. कोण सुट्टे पैसे असून नाही म्हणतोय, कोणाचं पोर खरंच 5 वर्षांचं आहे, कोण भांडून माहेरी निघालीय, हे मला घंटी मारायच्या आत कळायचं. घरात काय चाललंय ते मात्र 7 वर्षं कळलं नाही.

ती नववीत असल्यापासून सुरू झालं. मैत्रीण एक दिवस बोलली नाही तर ही दोन दिवस जेवायची नाही. सकाळी म्हणायची, "पप्पा, तुमच्यासारखं जगात कुणी नाही," आणि संध्याकाळी त्याच तोंडाने, "तुम्हाला मी नकोच आहे, कधीच नको होते." एकदा ड्युटीवर असताना गाडी घाटात होती, रेंज नव्हती. घाट उतरलो आणि फोनवर 22 मिस्ड कॉल. काय झालं होतं? काही नाही. मी पहिला फोन उचलला नाही, एवढंच. घरी आलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, हातावर पट्टी. मी त्या रात्री जे बोललो ते इथे लिहितो, कारण दुसऱ्यांच्या चुका मोजण्याआधी स्वतःची मोजावी. मी म्हणालो, "ही नाटकं बंद कर."

मग देवऋषी झाला, एक फॅमिली डॉक्टर झाला, 'लग्न लावून द्या' म्हणणारे झाले. एकाने डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्याने बायपोलर. फाईल जाड होत गेली. ती 22 वर्षांची असताना खोली नंबर 14 मधल्या मॅडमनी चार भेटी नुसतं ऐकून घेतलं आणि पाचव्या भेटीला आम्हा तिघांना समोर बसवून नाव सांगितलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर.

नातेवाइकांना सांगितलं तर ते खूश! "बॉर्डरलाइनवर आहे ना, मग फार नाही." शुगर बॉर्डरलाइनवर असते तसं त्यांना वाटलं. बायकोच्या भावाने तर मेथीचं पाणी सुचवलं. हा शब्द 1938 सालचा आहे, अडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने वापरलेला. हे रुग्ण न्यूरोसिस (भान शाबूत असलेला मानसिक त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) या त्या काळच्या दोन ठरलेल्या खान्यांच्या मधल्या सीमेवर बसतात, असं त्याला म्हणायचं होतं. सौम्य असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

साहेब, हे तुमच्याकडच्या तज्ज्ञांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पत्र उघडं आहे, आणि वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बाप असतील, म्हणून थोडं सांगतो. प्रत्येकाचा स्वभाव असतो. कुणी संशयी, कुणी मानी, कुणी सारखं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारा. पण तो स्वभाव इतका ताठर झाला की घर, नोकरी, मैत्री सगळीकडे तोच आडवा येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि त्याचा त्रास त्या माणसाला आणि भोवतालच्यांना होतो, तेव्हा त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. डॉक्टरांच्या अमेरिकन पुस्तकात असे 10 प्रकार दिलेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली नवी यादी प्रकारांच्या मागे न लागता आधी तीव्रता बघते, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि बॉर्डरलाइनची नोंद त्याला जोडून करते. पेपरात मात्र हा शब्द एखाद्या खुन्याच्या बातमीतच येतो. त्यामुळे लोकांना वाटतं, पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे धोकादायक माणूस. माझ्या घरी ज्या माणसाला धोका होता, ती स्वतः पेशंट होती.

बॉर्डरलाइनची 9 लक्षणं सांगतात, त्यातली 5 असली तर निदान होतं. सोडून जातील ही जिवघेणी भीती, नात्यात एकदम देव नाहीतर एकदम राक्षस, मी कोण हेच न कळणं, स्वतःला इजा करणं, तासातासाला बदलणारा मूड, आवरत नाही असा राग, पैसा किंवा खाणं याबाबत बेभानपणा, ताणात संशय येणं किंवा आपण आपल्या अंगात नाही असं वाटणं, आणि पोकळी. ही पोकळी मला सगळ्यात उशिरा कळली. ती म्हणाली होती, "पप्पा, शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर गाडी कशी वाटते? तसं." त्या दिवशी मी जेवलो नाही.

कारण एक नसतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून वाटा साधारण निम्मा आनुवंशिक धरतात. काहींच्या लहानपणी मारहाण किंवा अत्याचार झालेला असतो, सगळ्यांच्या नाही. मॅडमनी आम्हाला समजावलं ते असं: काही मुलं जन्मतः पातळ कातडीची असतात, भावना लवकर भडकते, जोरात भडकते, विझायला वेळ लागतो. अशा मुलाला घरात सतत 'यात रडण्यासारखं काय आहे?' ऐकावं लागलं, की ते स्वतःच्या भावनेवरच विश्वास ठेवायचं सोडतं. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "काका, दोष काढत नाहीये. तुम्हाला उद्यापासून वेगळं बोलता येईल, म्हणून सांगतेय."

या आजारावर म्हणून मंजूर झालेली एकही गोळी नाही. झोप, उदासी, चिंता यांवर डॉक्टर औषधं देतात, त्यांचा आधार होतो, तिच्याही चालू आहेत. पण मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तोही शिस्तीचा, महिनोन्‌महिने. त्यातला सगळ्यात तपासलेला म्हणजे डीबीटी, पूर्ण नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो बांधला, 1991 मध्ये त्याची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी आपणही अशाच आजाराने रुग्णालयात होतो. हे ऐकल्यावर माझ्या मुलीने पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे मी पण शिकू शकते?"

आणि शिकली. त्या उपचारात डायरी कार्ड असतं. रोज रात्री राग किती, दुःख किती, इजा करावीशी वाटली का, ते 0 ते 5 आकड्यात भरायचं. 31 वर्षं तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरलेल्या माणसाला ते समजवावं लागलं नाही. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खिळ्याला ते कार्ड टांगलेलं असतं. आता ती भांडत नाही, नुसतं म्हणते, "पप्पा, आत्ता 4 आहे." मग मी प्रश्न विचारत नाही. तिची आई फ्रीजमधला बर्फ काढून स्टीलच्या पातेल्यात गार पाणी करते, ती श्वास रोखून चेहरा त्यात बुडवते, अर्धा मिनिट. पहिल्यांदा तिची आई ओरडलीच होती. गार पाण्याने हृदयाचे ठोके उतरतात, डोकं शांत होतं, मग बोलता येतं. या पातेल्यात आम्ही पूर्वी श्रीखंडाचा चक्का फेटायचो. आता त्याला कुणी हात लावत नाही.

वर्षभर हे चाललं. शेवटची कॅज्युअल्टीची रात्र 16 महिन्यांपूर्वीची. एका झेरॉक्सच्या दुकानात ती नोकरीला लागली, आणि मालक ओरडला तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. हे वाक्य साधं वाटेल. आमच्या घरात त्या दिवशी पेढे आणले होते.

मग तो कागद लागला.

साहेब, या आजाराचं मूळ दुखणंच 'मला सोडून जातील' हे आहे. त्यावर उपचार करणारं माणूस जाणार असेल तर चार-सहा आठवडे आधीपासून निरोपाची तयारी करतात, पुढच्या माणसाशी ओळख करून देतात. आमच्याकडे मॅडमना स्वतःलाच शेवटच्या आठवड्यापर्यंत खात्री नव्हती. गुरुवारी "पुढच्या गुरुवारी भेटू" म्हणून गेलेली पोर, पुढच्या गुरुवारी कुलपासमोर उभी राहिली. त्या रात्री कार्डावर 5 लिहिलं होतं. हाडाला प्लॅस्टर घातल्यावर अर्ध्यात कुणी कापून नेत नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक सांगतो.

पहिली, पदाची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स असावेत असं कागदावर आहे. मग ज्या उपचाराला वर्ष लागतं तो देणाऱ्या माणसाची नेमणूक 11 महिन्यांची का? एसटीतसुद्धा गाडी निम्म्या वाटेवर बंद पडली तर प्रवासी पुढच्या गाडीत बसवून द्यायची जबाबदारी कंडक्टरची असते. आम्हाला पुढची गाडी कुणी सांगितली नाही. डॉक्टर साहेब आहेत, बाहेर 80 पेशंट आहेत, प्रत्येकाला 4 मिनिटं मिळतात. त्यात गोळ्या लिहून होतात. त्यांना तरी काय बोलणार?

दुसरी, कॅज्युअल्टीची. आम्ही तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा रात्री. दुसऱ्या वेळी ड्रेसिंग करताना एक जण म्हणाला, "परत आली का? आज काय झालं, बॉयफ्रेंड?" टाके घालताना भूल पुरेशी दिली की नाही हे मला माहीत नाही, ती ओरडली एवढं माहीत आहे. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं, लक्ष वेधण्यासाठी. मग पोलीस आले, खाटेशेजारी उभं राहून जबाब घेतला, मधला पडदासुद्धा ओढला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, 29 मे 2018 पासून लागू. त्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य. आम्हाला सकाळी डिस्चार्ज देताना कुणी मानसोपचार विभागाची चिठ्ठीही दिली नाही. खोली नंबर 14 चा पत्ता आम्हाला झाडलोट करणाऱ्या मावशींनी सांगितला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिसरी, पैशाची. माझी ईपीएस-95 ची पेन्शन 3,140 रुपये आहे. पुण्यात ही थेरपी देणाऱ्या ठिकाणी एका भेटीचे 1,500 सांगितले. महिन्याच्या चार भेटींचे 6,000, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची पेन्शन. बसला तिला महिला म्हणून अर्धं तिकीट, मला ज्येष्ठ म्हणून अर्धं, तेवढी सरकारची कृपा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या पेशंटसाठी, दर आठवड्याच्या बैठकीला तिचा उपयोग नाही. पोराच्या कंपनीचा विमा आहे, त्यांनीही ओपीडीला हात वर केले. याच 2017 च्या कायद्यात कलम 21 मध्ये लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला. पण ज्या आजाराचा मुख्य उपचार दाखल न होता घ्यायचा असतो, त्याला 'तसाच' म्हणजे शून्य. हातावर वीस टाके पडेपर्यंत थांबा, मग योजनेचं कार्ड चालेल, असा याचा अर्थ होतो.

चौथी तक्रार भाषेची, ती लहान वाटेल. डीबीटीचे सगळे तक्ते इंग्रजीत. मॅडम प्रत्येक गुरुवारी हाताने मराठीत लिहून द्यायच्या, या उपचाराचं प्रशिक्षणही त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. एका कागदावर त्यांनी एका इंग्रजी शब्दासाठी 'सोसायची ताकद' असं लिहिलंय. सरकारी भाषांतर झालं असतं तर 'विपदा सहिष्णुता क्षमता' झालं असतं, म्हणून एका परीने बरंच झालं. पण त्या गेल्या आणि ती वहीही आमच्याकडे एकच राहिली.

आणि एक मोजणीची. 2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, 12 राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. मग आमच्यासारखी घरं किती, हे मंत्रालयात बसून कळणार कसं?

कुणी म्हणेल, 14416 वर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे की. आहे, 2022 पासून आहे, मराठीत बोलतात, आणि एका रात्री आम्ही फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने चाळीस मिनिटं सोबत केली. कुणाच्या घरी तशी रात्र आली तर जरूर लावावा. पण ती रात्र पार पाडायची सोय झाली. दर आठवड्याला तेच माणूस, तीच खुर्ची, तेच कार्ड, हे फोनवर दर वेळी नवीन कुणी उचलून होत नाही.

'यांचं काही सुधारत नाही' असं रुग्णालयातल्याच एकाने मला सांगितलं होतं, म्हणून हेही लिहितो. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी 290 बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 10 वर्षांत त्यांतल्या 93 टक्के लोकांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेली राहिली. नोकरी आणि नाती दोन्ही चांगली सांभाळण्यापर्यंत निम्मेच पोचले, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे लक्षणं जातात, आयुष्य उभं करायला मात्र मदत लागते. कॅन्सरच्या एखाद्या प्रकाराला 93 टक्के म्हटलं असतं तर आपण हॉस्पिटलवर बोर्ड लावला असता.

मागण्या पुढीलप्रमाणे.

आमच्या रुग्णालयातलं पद महिनाभरात भरा. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात हे पद कायमस्वरूपी करा, आणि कुठलं पद कधीपासून रिकामं आहे याची यादी विभागाच्या संकेतस्थळावर लावा. मला नुसती तारीख दिसली तरी चालेल.

पद भरेपर्यंत खर्च सरकारने द्यावा. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 18 म्हणतं की किमान सेवा सरकारी यंत्रणेत मिळत नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च सरकारने सोसायचा. तो मागायचा कुणाकडे, कुठल्या फॉर्मवर, याचा जीआर काढा. आमच्या जिल्ह्यात खासगीतही ही थेरपी देणारं कुणी मला सापडलं नाही, तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या उपचाराचीही सोय त्याच जीआरमध्ये करा.

थेरपिस्टची नेमणूक संपणार असेल तर रुग्णांना सहा आठवडे आधी कळवणं बंधनकारक करा. याला एक पैसा लागत नाही.

कॅज्युअल्टीसाठी लेखी सूचना काढा: इजा करून घेतलेल्या रुग्णाला टोमणा नाही, पडद्याशिवाय जबाब नाही, आणि सात दिवसांतली मानसोपचार विभागाची तारीख हातात दिल्याशिवाय डिस्चार्ज नाही.

जन आरोग्य योजनेत दर आठवड्याच्या मानसोपचार बैठका बसवा. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन माणसांना डीबीटीचं प्रशिक्षण द्या. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे तुमची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथून सुरुवात करता येईल. तक्ते मराठीत करा, आणि करताना मॅडमसारख्या हाताने लिहिणाऱ्यांना विचारा.

शेवटची मागणी आमच्यासाठी, म्हणजे घरच्यांसाठी. पुण्याच्या मुक्तांगणने व्यसनी माणसाच्या उपचारात बायकोलाही बसवलं, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरच्यांचे स्वमदत गट पुण्यात चालतात. आमच्याकडे महिन्यातून एक शनिवार, एक खोली आणि वीस खुर्च्या द्या. मी सतरंजी घालायला आणि चहा करायला येईन. माझ्यासारखे 'नाटकं बंद कर' म्हणणारे बाप त्या खोलीत आले पाहिजेत, मुलगी नववीत असतानाच.

सध्या आम्ही दर दुसऱ्या गुरुवारी पहाटे 5:40 च्या गाडीने पुण्याला जातो. दर आठवड्याला परवडत नाही. झेरॉक्सवाल्याने सुट्टी दिलीय, किती दिवस देईल माहीत नाही. काल रात्री कार्डावर 3 होतं. येत्या सोमवारी मी पुन्हा खोली नंबर 14 समोर जाऊन कागद आहे का ते बघणार आहे, आणि मग दर सोमवारी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एसटी कंडक्टर